एक पाय पायरीवर

बेबीताईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अर्धी गाडीत होती आणि अर्धी गाडीबाहेर. डावा पाय पायरीवर, उजवा पाय खाली जमिनीवर, एका हाताने दाराची दांडी धरलेली आणि नजर यवतमाळच्या स्टँडच्या फाटकावर. लोक तिच्या बाजूने अंग चोरून चढत होते. कंडक्टर वैतागला होता.

"बाई, चढाचं असन तं चढा, नाई तं बाजूले व्हा."

"चढली ना भौ. अर्धी चढली. अर्धी लेकरू आल्यावर चढन."

"गाडीचा टाइम झाला."

"मंग जाऊ द्या गाडी. माहा पाय अथी ठेवून जा म्हना."

गाडी गेली नाही. जमिनीवर पाय असलेल्या बाईला ओढत कोणता ड्रायव्हर गाडी नेईल? थोड्या वेळाने फाटकातून एक लहान मुलगी वेण्या उडवत धावत आली. बेबीताईने तिला आत ढकललं, मग आपला दुसरा पाय उचलला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हाना आता घंटी!" मी मागच्या सीटवर बसून हे पाहत होते. मला तिची लाज वाटली. इतक्या माणसांत बाईने एवढ्या मोठ्याने बोलावं, हे मला तेव्हा पटण्यासारखं नव्हतं.

ती आमच्याच गावची होती. नेरच्या रस्त्याला फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. नाल्याच्या पलीकडे बौद्धपुऱ्यात तिचं घर, अलीकडे माझं. दोघी लग्न होऊन एकाच गावात आलो, लेकरं झाली, तरी आम्ही एकमेकींचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. ओळख झाली ती यवतमाळच्या स्टँडवर.

त्या वर्षांत कापसाने आमच्या हाती काही लागू दिलं नाही. ह्यांनी शेत सांभाळलं आणि मी यवतमाळला विद्यार्थ्यांच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागले. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून माझी मुलगी वंदना आठवीपासून यवतमाळच्या शाळेत माझ्यासोबतच येई. आमची गाडी मुक्कामी. रात्री ती गावात थांबायची, पहाटे यवतमाळला निघायची आणि दिवस बुडताना परत फिरायची. ती चुकली की गावाकडे जायला काही नाही.

शाळा सुटल्यावर वंदना खो-खोच्या सरावाला थांबू लागली आणि माझ्या जिवाला घोर लागला. सराव संपायचा आणि गाडी सुटायची यात आम्हाला स्टँडपर्यंत धावत येण्यापुरतीच सवड असायची. ह्यांनी एकदाच सांगून ठेवलं होतं, पण पक्कं सांगितलं होतं.

"खेळू दे तिले. पन ज्या दिवशी गाडी चुकली अन् पोट्टी शहरात अडकली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. मी गावात कोनाकोनाले तोंड देऊ?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांना भीती होती. भीती मलाही होती. पोळी लाटताना माझं अर्धं लक्ष उन्हाकडे असायचं, ऊन कोणत्या भिंतीवर आलं ते पाहण्याकडे.

बेबीताई एका दवाखान्यात आया होती. तिची सुजाता पाचवीत; आई दिवसभर यवतमाळला, म्हणून तीही तिथल्याच शाळेत. शाळेनंतर ती एका गुरुजींच्या घरी पेटी शिकायला जायची. "आमच्या पुऱ्यात जयंतीले गाणारे लय हायेत," बेबीताई सांगायची, "पन पेटीवर बसनारी एक पोट्टी नाई. माही बसन." घरी पेटी नव्हती. सुजाता गाडीत समोरच्या सीटच्या दांडीवर बोटं चालवायची, तोंडाने सूर म्हणायची. समोर बसलेला माणूस मागे वळून पाहायचा. बेबीताई त्याला म्हणायची, "पाठ तुमची नाई भौ, दांडी वाजवून राह्यली थे. बसा निवांत."

एके दिवशी आम्ही मायलेकी धापा टाकत गाडीत शिरलो, तेव्हा बेबीताई सरळ माझ्याशी बोलली. नाव विचारलं आणि लगेच ठरवूनही टाकलं.

"काहून येवढ्या मरता व शांते? तू अन् मी दोघीबी धावतो, काय कामाचं हाय? गुरुजीचं घर अन् तुह्या पोट्टीचं मैदान एकाच अंगाले हाय. तू दोघीले घेऊन ये. मी गाडी धरतो."

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. मी संध्याकाळच्या पोळ्या दुपारीच लाटून ठेवायची. खानावळीतली पोरं थंड पोळ्यांवरून बोलायची, मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. मग गुरुजींच्या दारातून सुजाताला घ्यायचं, मैदानावरून वंदनाला घ्यायचं आणि तिघींनी स्टँड गाठायचा. तिकडे बेबीताईने खिडकीतून एका सीटवर डब्याची पिशवी टाकलेली असे, दुसरीवर दुपट्टा, आणि स्वतः दाराशी, एक पाय पायरीवर.

"बाई, अथी कोन बसलं हाय?" आतून कोणीतरी विचारायचं.

"पिशवी बसली हाय."

"पिशवीले तिकीट हाय का?"

"हाफ हाय. तिची पोट्टी येऊन राह्यली, मंग फुल घेतो."

एकदा गाडीत तिने डबा उघडला आणि अर्धी भाकर माझ्यापुढे धरली. माझ्या डोळ्यांत पाहून विचारलं, "खाशीन माह्या हातचं?" बोलायला मला वेळ लागला असता, म्हणून मी भाकर घेतली आणि खाऊ लागले. ती खळखळून हसली. "बोलत नाई, पन खाते बराबर!" नंतर तिच्या डब्यातलं मी आणि माझ्या डब्यातलं ती खात गेलो. ह्यांची शाळेची अटही मी तिला अशीच खाता खाता सांगितली. गावात कोणी काय म्हटलं ते मी ऐकलं नाही, आणि तिने ऐकून सोडून दिलं.

कापसाचा हंगाम सुरू झाला. खरेदी केंद्रावर आलेल्या बैलबंड्यांची रांग रोज लांबत जायची. माणसं बंडीवर कापसावरच झोपायची, बैल खाली उभे. दिवस बुडाला की रांग रस्त्यावर यायची आणि गाड्यांना वाट राहायची नाही. एके दिवशी कंडक्टरने सकाळीच सांगून ठेवलं, "संध्याकाळी कोनासाठीच थांबनार नाई. बंड्या रस्त्यावर आल्या का आपली गाडी अथीच."

त्याच दिवशी मी मैदानावर पोचले तर सराव नव्हता, सामना चालू होता. बाहेरगावच्या स्पर्धेसाठी सर मुलींची निवड करत होते. मला पाहून वंदना रेघेपर्यंत धावत आली.

"आई, मी नाई येत आत्ता. निवड चालू हाय. मधातून गेली तं नाव गेलं."

सरांशी बोलायला हवं होतं. आमची गाडी आहे, एवढंच सांगायचं होतं. मी सुजाताचा हात धरून सरांच्या मागे जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. वंदना पुन्हा खेळात शिरली. ऊन मैदानाच्या शेवटच्या झाडांवर गेलं होतं. मी सुजाताला घेऊन स्टँडकडे धावत सुटले.

बेबीताईने आम्हा दोघींनाच पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"कुठं हाय वंदना?"

मी धापा टाकत सांगितलं. तिने सुजाताला गाडीत बसवलं, माझा दंड धरला आणि मला दाराशी ओढलं.

"तू पाय ठेव अथी. मी पोट्टी आनतो."

"मले नाई जमत ताई. मले बोलता येत नाई."

"बोलाले कोनं सांगतलं? पाय तं हाय ना तुले?"

लुगड्याचा पदर खोचून ती फाटकातून दिसेनाशी झाली.

मी तिच्यासारखीच उभी राहिले. डावा पाय पायरीवर, उजवा खाली. कंडक्टर म्हणाला, "हे कोन नवीन?" मी दांडीकडे पाहत राहिले. आतून एक म्हातारा ओरडला, "ओ बाई, आमच्या घरी काय कोनी वाट पाह्यत नाई का?" दुसरा म्हणाला, "रोजची कटकट झाली हे!" माझे कान तापले होते. मग दाराजवळच्या सीटवरची एक तरुण बाई हळूच म्हणाली, "ताई, माह्या लेकराले ताप हाय व. घरी जाऊ द्या."

इतरांचं ओरडणं मी सोसलं असतं. त्या लेकराचे ओठ सुकले होते. मी पाय उचलला. खरंच उचलला. मग मला मैदानावरची वंदना दिसली, आणि घराच्या दारात उभे असलेले हे दिसले. मी पाय परत खाली टेकवला.

ड्रायव्हरने गाडी चालू केली. मला वाटलं, तो नुसता आवाज करतो आहे. पण गाडी हलली. माझा पाय जमिनीवरून फरफटला, चप्पल मागे राहिली, आणि मी दांडीला लोंबकळत एका पायावर उड्या घेऊ लागले. आतून सुजाता किंचाळली, "मावशी!" ब्रेक लागला. कंडक्टर खाली वाकून म्हणाला, "बाई, मराचं हाय का तुमाले?" त्याचाही चेहरा उतरला होता. मी दांडी सोडली नाही. अनवाणी पाय पुन्हा जमिनीवर ठेवला.

कंडक्टरने घंटीच्या दोरीवरचा हात काढून घेतला.

"आली व, आली!" फाटकातून आवाज आला. पुढे वंदना, मागे बेबीताई, तिच्या हातात माझी चप्पल. दोघी चढल्या. मी चढले. घंटी वाजली.

"सर काय म्हटले?" मी विचारलं.

"मी म्हटलं, सर, बाकीच्याइची निवड सावकाश करा, पन हिचं हो का नाई तेवढं पयले सांगा. गाडी एका पायावर उभी हाय." बेबीताई दम खात म्हणाली. "हासले. मंग म्हटले, हो. घेतली तुही पोट्टी." मग तिने विचारलं, "तू काय म्हटलं कंडक्टरले?"

"काई नाई."

"काईच नाई?" ती एवढी हसली की तिला ठसका लागला. "मी रोज बोंबलतो तवा गाडी थांबते. अन् हे मुकी उभी राह्यली तरी थांबली!"

व्हायचं ते झालंच. बंड्या रस्त्यावर आल्या होत्या आणि आमची गाडी त्यांच्यामागे अडकली. सगळी गाडी आम्हाला बोल लावत होती. बेबीताई उठली, त्या तरुण बाईकडे गेली, "आन इकडे, मी दवाखान्यातली हाय," म्हणून लेकरू मांडीवर घेतलं आणि दुपट्ट्याचं टोक ओलं करून त्याच्या कपाळावर ठेवलं. गाव येईपर्यंत ती ते टोक पुन्हा पुन्हा ओलं करत राहिली. लेकरू झोपलं. त्याची आई उतरताना बेबीताईच्या हाताला हात लावून गेली.

गावात गाडी थांबली तेव्हा हे बॅटरी घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मी दाराच्या आतच थांबले. वंदना माझ्या मागे लपली. बेबीताई आमच्या पुढे उतरली.

"भाऊ, गाडी चुकली नाई बरं. चुकली असती तं आमी आलो असतो का? उशीर गाडीनं केला. शाळा बंद कराची तं गाडीची करा."

पारावर बसलेलं कोणीतरी हसलं. ह्यांनी बॅटरी खाली केली आणि वंदनाचं दप्तर हातात घेतलं. शाळेचा विषय पुन्हा निघाला नाही. वंदना त्या स्पर्धेला गेली, आणि पुढेही खेळत राहिली.

पुढे बेबीताईच्या नवऱ्याला वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हरचं काम मिळालं. घर हलवायचं ठरलं. मी त्यांना सोडायला यवतमाळच्या स्टँडवर गेले. वणीची गाडी लागली होती. गुरुजींनी सुजाताला आपली जुनी पेटी दिली होती, ती सीटखाली ठेवली. बेबीताईने सवयीने दोन सीट धरल्या होत्या, पिशवीने आणि दुपट्ट्याने. सगळे जागेवर बसले. मी दारात होते. कंडक्टर चढला आणि माझ्याकडे पाहून थांबला.

"बाई, कोनी याचं हाय का?"

मी खाली पाहिलं. माझा एक पाय पायरीवर होता, एक जमिनीवर.

"नाई," मी म्हटलं.

"मंग?"

मला दांडी सोडता येईना. बेबीताई सीटवरून उठून दाराशी आली, वाकली आणि तिने माझा दांडीवरचा हात आपल्या हाताने झाकला. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"शांते, उचल आता पाय."

"सगळे आले?" मी विचारलं.

"सगळे आले व माय."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला.