मुलीचा रिपोर्ट बाहेर कसा गेला

निवृत्त होऊन चार वर्षं झाली. म्हैसूरच्या पोलिसातल्या नोकरीतल्या चोऱ्या-दरोड्यांचे तपशील विसरत चाललो आहे, पण एका स्वयंपाकाच्या बाईंची चौकशी मात्र मनातून जात नाही.

सकाळची हजेरी संपत होती. एक निवृत्त अभियंता लेखी अर्ज घेऊन ठाण्यात आले. त्यांच्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. तिला लहानपणी फिट्स येत, त्याचा डॉक्टरी रिपोर्ट मुलाकडच्यांच्या हाती लागला होता. तो फक्त घरच्या कंप्यूटरमध्ये होता.

"बाहेरचं माणूस घरात एकच येतं सर, स्वयंपाकाची बाई. मत्ते कोण देणार?"

'मत्ते' म्हणजे 'मग'; इथल्या जुन्या मराठी घरांत कन्नड असं मधेच डोकावतं.

बाई नंजनगूडहून रेल्वेने कामाला येत. त्यांना बोलावून, महिला शिपायासमोर दोन तास तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. उत्तर बदललं नाही. "मी कंप्यूटरवरची धूळ पुसते सर. बाकी मला काही ठाऊक नाही." खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं थोडं वाढवत जातो. यांनी काहीच वाढवलं नाही.

उठताना म्हणाल्या, "साहेबांनी गल्लीत सांगितलंय. आणखी दोन घरांनी येऊ नको म्हटलं. मी चोर नाही असं कागदावर लिहून द्याल?"

असा कागद आमच्याकडे नसतो. मला लाज वाटली.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मुलाच्या वडिलांना पुण्याला फोन लावला. ते बेधडक म्हणाले, "कुणी दिला नाही. मुलीच्या वडिलांनीच बायोडेटाची लिंक पाठवली होती. त्या पत्त्यातलं शेवटचं नाव खोडलं, तर अख्खी यादीच समोर आली. उघडं होतं, वाचलं."

ती लिंक मागवून मी माझ्या मोबाइलवर तसंच केलं. फोटो, पत्रिका, विजेची बिलं, रिपोर्ट, सगळं हजर! नातेवाइकांना स्थळाची माहिती बघता यावी आणि आपल्यालाही बाहेरून फाइली उघडता याव्यात, म्हणून अभियंत्यांनी मोठ्या हौसेने घरच्या कंप्यूटरवरूनच बायोडेटाचं ते पान चालवलं होतं. सगळं एकाच फोल्डरमध्ये, आणि कुलूप कशालाच नाही.

मुलीसह ते आले, तेव्हा दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. तरी म्हणाले, "अर्ज मागे घेतो. विषय संपला, अल्वा सर?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, अशा माणसांत माझं लग्न झालं नाही ते बरंच झालं. पण बाईंची कामं गेली. ज्या घरांत सांगितलंत, तिथे परत जा."

ते गेले. दोन्ही दारांत उभं राहून चूक कबूल केली. त्या घरांनी बाईंना पुन्हा कामावर घेतलं. अभियंत्यांनीही बोलावलं, पण त्यांच्याकडे त्या आल्या नाहीत.

त्यानंतर कोणत्याही तक्रारीत, घरात कोण येतं-जातं हे विचारण्याआधी मी तक्रारदारालाच बसवून त्याने स्वतः काय केलं ते विचारू लागलो. तेवढं शिकलो. पण बाईंचे ते दोन तास मी घेतले होते. वर्दी अंगावर असताना माफी मागायला जीभ वळली नाही, आणि आता त्या कुठे असतात हे मला माहीत नाही.