दाजींचं अर्थिंग

या जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत, दिवा लावलेल्या आणि दिवा लावायच्या राहिलेल्या, अशी आमच्या दाजींची पक्की धारणा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परळच्या एका नाट्यगृहात त्यांनी उभा जन्म वायरमन म्हणून काढला आणि निवृत्त झाल्यावर आपला सगळा मोर्चा नायगावच्या चाळीतल्या राहत्या खोलीकडे वळवला. खोली एक, दिवे बावीस. ताईच्या पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून दिवा आहे. शिलाई मशीनच्या पोटात आहे, माळ्यावरच्या गाद्यांमागे आहे. एकदा ताईच्या छत्रीच्या दांड्यालाही त्यांनी लाल दिवा बसवला होता, पण रस्त्यात टॅक्सीवाले थांबून बघायला लागले तेव्हा तिने ती छत्री कपाटात ठेवून दिली. त्या कपाटातही दिवा आहेच.

माणसाची परीक्षा ते त्याच्या घराच्या वायरिंगवरून करतात. माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी बघायला आम्ही दादरला गेलो होतो. पोहे येईपर्यंत बाकीचे लोक हवापाण्यावर बोलत होते आणि दाजी जिन्याखालच्या मीटरपाशी उकिडवे बसले होते. परत येताना ताईने विचारलं, "कशी वाटली?" दाजींनी आधी हाताला लागलेली मीटरची धूळ झटकली. मग गंभीरपणे म्हणाले, "मुलगी चांगली आहे. माणसं साधी आहेत. फक्त अर्थिंग नाही. पण ते मी करून देईन." आणि साखरपुड्याच्या आधी दोन रविवार खर्ची घालून त्यांनी ते करून दिलं. माझे सासरे आजही माझ्याआधी दाजींची चौकशी करतात, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही असं म्हणणं खोटं होईल.

त्यांची आणखी एक खोड नाट्यगृहातून आलेली. तिथल्या बटणांना नंबर होते, पण दाजींना नंबर लक्षात राहत नसत, माणसं राहत. म्हणून प्रत्येक बटणाखाली औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी लावून ते त्यावर, नाटकातल्या ज्या पात्रावर तो दिवा पडायचा त्याचं नाव, 'सासू', 'वकील', 'धाकटी सून' असं लिहून ठेवायचे. नाटक बदललं की चिकटपट्ट्या बदलायच्या. यात त्यांच्या हातून एकदाही चूक झाली नाही, असं ते स्वतः सांगतात.

अशा माणसाच्या घरी बिनदिव्याची मोटारसायकल यावी हा योगायोगच म्हणायचा. रे रोडला एका लाकडाच्या वखारीत दाजी वायरिंग करत होते. वखारीचे मालक तरुणपणी चिखलातल्या शर्यतींत गाडी पळवायचे. त्या नादात त्यांनी गाडीचे दिवे, हॉर्न, मडगार्ड, वजन वाढवणारं जे जे होतं ते सगळं उतरवून टाकलं होतं. मग वय झालं आणि गाडी सागाच्या ओंडक्यांमागे गेली. दाजींना ती दिसली तेव्हा मालकांनी "घेऊन जा, आता माझ्याने हिच्यावर टांग टाकवत नाही" म्हणून कागदांसकट देऊन टाकली. दाजींनी ती रे रोडहून नायगावपर्यंत ढकलत आणली. उंच, हाडकुळी, काट्याकाट्यांच्या टायरांची ती गाडी चाळीच्या जिन्याखाली उभी राहिली आणि ताई वरून म्हणाली, "आंधळी आहे हो ही." दाजींना तेवढंच हवं होतं.

पण बोलणं वेगळं आणि करणं वेगळं. गाडी सहा वर्षं तशीच जिन्याखाली राहिली. दाजी रोज तिला पुसायचे आणि रोज नवा बेत सांगायचे. मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं, खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा आल्या आणि टॉवर होईपर्यंत सगळ्यांनी ट्रान्झिटच्या तात्पुरत्या इमारतीत जायचं ठरलं. तिथला नियम स्पष्ट होता. ज्या गाडीचे कागद चालू, तिलाच आवारात जागा, बाकीच्या गाड्या भंगारवाला घेऊन जाणार. दाजींच्या गाडीची नोंदणी केव्हाच संपली होती आणि ती नव्याने करायची तर आरटीओच्या साहेबांपुढे हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न सगळं चालवून दाखवावं लागणार होतं. हातात तीन आठवडे होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मी दाजींना एखाद्या गोष्टीला घाबरलेलं पाहिलं. "तिला भंगारात घातली ना," ते मला म्हणाले, "तर मी काय उजेड पाडला रे आयुष्यभर?"

दिवे आणि हॉर्न जुन्या बाजारातून आले, वायर घरचीच होती. चौदा एप्रिलच्या जयंतीला अख्ख्या चाळीवर दाजींची रोषणाई असते, तिच्यातलं निळ्या वायरीचं एक भलंमोठं भेंडोळं उरलेलं होतं. म्हणजे हेडलाइटची वायर निळी, हॉर्नची निळी, ब्रेकची निळी. कुठली कुठे जाते हे कळावं म्हणून दाजींनी चिकटपट्ट्या काढल्या आणि चाळीतल्या शेजाऱ्यांची नावं लिहायला घेतली. हेडलाइटला जाधव मास्तर, कारण ते चष्म्यावरून बघायला लागले की समोरचा डोळे खाली घालतो. हॉर्नला सुलभावहिनी, का ते चाळीत कुणालाही विचारा. डाव्या-उजव्या इंडिकेटरला दोघे पवार बंधू, जे एका गॅलरीच्या दोन टोकांना राहतात आणि एकाच वेळी कधी बाहेर येत नाहीत. आणि ब्रेकला शांतामावशी. तळमजल्यावर दारात बसून शांतामावशींनी आजवर प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवलं आहे. "कुठं चाललास? जेवलास का?" याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे गेलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही.

ताईने एकदा खाली येऊन सगळ्या चिकटपट्ट्या वाचल्या. "चाळीतली सगळी माणसं आहेत," ती म्हणाली. "माझंच तेवढं नाव नाही."

"घरच्या माणसाला काय चिकटपट्टी लावायची?" दाजी म्हणाले. ताई वर निघून गेली, आणि दोन दिवस चहा जरा पाणचट येत होता. दाजींना ते कळलं असावं, कारण तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीचा अख्खा सांगाडा ताईच्या आवडत्या मोरपंखी रंगात रंगवून टाकला.

दाजी, ताई आणि मी अशा तिघांनी टेम्पोत घालून गाडी आरटीओच्या मैदानात नेली. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेब म्हणाले, "काका, ब्रेक दाबा." दाजींनी ब्रेक दाबला आणि दोन्ही इंडिकेटर मिणमिणले. साहेब म्हणाले, "हॉर्न द्या." हॉर्नने नुसता घसा खाकरला आणि मागचा लाल दिवा लाजल्यासारखा लुकलुकला. हेडलाइटचं तर विचारूच नका.

"काका, घरी सगळं चालत होतं ना?"

"काल दुपारपर्यंत चालत होतं, साहेब."

साहेब भले होते. "पुढच्या दोन गाड्या होईस्तोवर बघा," म्हणाले. दाजी जमिनीवर बसले. एकेक वायर बोटांत धरून पुटपुटायला लागले. "शांतामावशी ठीक आहेत. मास्तरांची काही तक्रार नाही. धाकटे पवार जाग्यावर आहेत. मग सुलभावहिनींचा आवाज कुठे अडकतोय?" साहेबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "एवढी माणसं बरोबर आलीयत का?"

दुसरी गाडी पास होऊन गेली.   मला विजेतलं काही कळत नाही, मी नुसता टॉर्च धरून उभा होतो. तेवढ्यात मागून ताई, जिने इतकी वर्षं उठता-बसता एकच शब्द ऐकला होता, शांतपणे म्हणाली, "अहो, अर्थिंग बघितलंत का?"

दाजींनी मान वर केली. उभ्या मुंबईचं अर्थिंग तपासणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या गाडीचा सांगाडा रंगवताना, जिथून सगळ्या दिव्यांचा करंट परत फिरतो, ती जागाही रंगवून टाकली होती. आणि रंगातून वीज जात नाही हे त्यांनीच मला शंभरदा शिकवलं होतं. ताईने पदराची पिन काढून दिली. दाजींनी रुपयाएवढी जागा खरवडली, लोखंड उघडं केलं, वायर आवळली आणि ब्रेक दाबला. शांतामावशी लालबुंद पेटल्या. मग सगळेच आपापल्या जागी बोलायला लागले. साहेबांनी सही केली आणि जाताना सुलभावहिनींना पुन्हा एकदा वाजवून बघितलं.

घरी येताना ताई मागे बसली होती. मी टेम्पोतून बघत होतो. दाजींनी रस्त्यात एकही वळण नसताना दोन्ही पवारांना आळीपाळीने बाहेर काढलं.

आता चाळ नाही. जाधव मास्तर मुलाकडे कल्याणला गेले, पवार बंधू विरारला, आणि तिथे म्हणे दोघांचं बोलणं सुरू झालंय. सुलभावहिनी ट्रान्झिटमध्येच आहेत, पण नवव्या मजल्यावरून त्यांचा आवाज खाली पोचत नाही. दाजींना हल्ली लांब जाववत नाही, तरी रोज सकाळी ते खाली उतरून गाडी चालू करतात आणि ताई समोर उभी राहते. परवा मी गेलो तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा बघितला. सीटखाली, खरवडलेल्या जागेपाशी एक चिकटपट्टी होती आणि तिच्यावर ताईचं नाव होतं. केव्हा लावली म्हणून मी विचारलं, तर दाजी फडक्याने टाकी पुसायला लागले.

"मास्तर?" ताईने विचारलं.

"आहेत," दाजी म्हणाले. हेडलाइट लागला.

"थोरले? धाकटे?"

"आहेत, आहेत."

सुलभावहिनी वाजल्या. मग ताई गाडीच्या मागे गेली आणि जराशी थांबली. शांतामावशी ट्रान्झिटमध्ये आल्यावर तिसऱ्याच महिन्यात गेल्या. नव्या इमारतीत त्यांना बसायला दार नव्हतं.

"मावशी?" ताई म्हणाली.

दाजींनी ब्रेक दाबला. "आहेत," ते म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी पाय उचलला नाही. मला कामावर जायला उशीर होत होता, पण त्या लाल दिव्यासमोरून माझाही पाय निघेना. मी जेवून आलो होतो, आणि कुणीतरी ते विचारावं असं फार वाटत होतं.