पूजेतली कात्री

आमच्या दुकानांना दृष्ट लागली असं शेठ म्हणायचे. दृष्ट-बिष्ट काही नव्हती. पुरुषांच्या तयार कपड्यांसाठी गिऱ्हाईक आमच्याकडे येत होतं तोवर आम्ही सात शाखा काढल्या, आणि ते मोबाइलवर गेलं तशा साती बंद केल्या. दुकानं सगळ्यांचीच बुडतात. माझ्या मानगुटीवर जे बसलंय ते भूत वेगळं आहे, आणि ते मीच बसवून घेतलंय.

मेनरोडच्या पहिल्या दुकानात मी सेल्समन म्हणून लागलो तेव्हा जिन्याखाली मास्तरांचं टेबल होतं. मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर, मूळचे नांदगावचे. पँट कंबरेत सैल असो की नवरदेवाचा कोट खांद्यावरून उतरत असो, गिऱ्हाइकाचा चहा संपेपर्यंत ते नीट करून हातात देत. लग्नसराईत बस्ता बांधायला जीप भरभरून माणसं यायची आणि नवरदेवाचा मामा दारातूनच विचारायचा, "मास्तर हायेत ना?" आम्ही मात्र समजायचो, लोक आमच्या काचेच्या शोकेसला भुलून येतात.

खंडेनवमीला मास्तर आपली कात्री, टेप आणि मशीन मांडत, झेंडूची फुलं वाहत. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी शेठ स्वतः कात्री उचलून त्यांच्या हातात देत, मग ते वर्षाचं पहिलं कापड कापत. शेठनी दिल्याशिवाय ती उचलायची नाही, हा मास्तरांचा नेम. येवला, इगतपुरी, कॉलेज रोड, जिथे शाखा उघडली तिथे उद्घाटनालाही हाच मान त्यांचा. नांदगावला शाखा निघाली त्या दिवशी तर ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

पुढे मी मॅनेजर झालो. मास्तर चेष्टेने मला साहेब म्हणू लागले आणि मी मूर्खासारखा खूश व्हायचो. शेठ अंथरुणाला खिळले, कारभार मुलाकडे गेला. लोक दुकानात येऊन शर्ट अंगाला लावून बघायचे, लेबलचा फोटो काढायचे आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवायचे. मुलाने ठरवलं, अल्टरेशन बंद. जिन्याखाली बेल्ट आणि परफ्यूम ठेवायचे. मास्तरांना सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आठवडाभर मी ताकाला जाऊन भांडं लपवत राहिलो. शेवटी खंडेनवमीच्या संध्याकाळी, पूजा झाल्यावर, भलतंच बोलून बसलो. "मास्तर, उद्यापासून दुकानात फर्निचरचं काम निघतंय. शेठ बोलावतील तेव्हा या."

"आन् कात्री?"

"तीही तेव्हाच देतील."

"बरं," म्हणाले, डबा घेतला आणि गेले. मला वाटलं, चार दिवसांत कात्री न्यायला येतील, तेव्हा सांगून टाकू. इतकी वर्षं शेजारी काढून मला एवढं कळू नये? पूजेतली कात्री मागायला ते येणारच नव्हते. ते नांदगावला मुलाकडे जाऊन राहिले आणि मी फोन केला नाही.

दोन वर्षांत सगळं आटपलं. मेनरोडचं शटर शेवटचं पडलं तेव्हा कात्री मी घरी आणली. आता मी मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो. दुपारी सामसूम झाली की पाठीमागून जाड कापडातून कात्री चालल्याचा आवाज येतो, सावकाश, न थांबता. वळून बघतो तर नुसते पाइप. एकदा मेनरोडला गेलो, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जिन्याखाली कुणीतरी वाकून उभं दिसलं आणि मी मास्तर म्हणून हाक मारली. तिथला माणूस खोकी रचत होता. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "एकदा देऊन या आणि खरं काय ते सांगा. नाहीतर हे तुम्हाला झोपू द्यायचं नाही."

यंदा दिवाळीनंतर गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते, पार वाळले होते. सुनेने पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाली, "गावातल्या दोघा टेलरांनी कामाला बोलावलं व्हतं. नाय म्हणले. म्हणले, मी शेठच्या दुकानात हाय." मी पेला तसाच खाली ठेवला.

"इथली शाखा बंद पडली," मास्तर म्हणाले. "लहान गाव, चालायची नव्हतीच. मेनरोडची गोष्ट येगळी."

दुकान राहिलं नाही मास्तर, मी खोटं बोललो. एसटीत हे वाक्य मी दहा वेळा घोकलं होतं. ते बोलण्याआधी पिशवीतून कात्री काढली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात धोतराला पुसले, कात्री घेऊन कपाळाला लावली. मग आत हाक मारून सुनेला इस्त्रीचा सदरा काढायला सांगितलं.

"शेठनी तुमच्या हाती धाडली," ते म्हणाले. "लय उशीर लावला, पन धाडली. कामावर कधी यायचं, साहेब?"

शेठना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"सोमवारी कळवतो," मी म्हणालो.