बंगल्यावरचा दुखवटा

हा किस्सा गावात अजून सांगतात. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान मीठ तरी बेताचं पडेल. चहा घ्या आधी, गार होतोय.

दुष्काळ सरल्यावरच्या सालातली गोष्ट. अंबडकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. शाळेच्याच एका खोलीत टपालाचं काम चालायचं, त्यामुळे पोस्टमास्तरही मीच. गावात कुणाकडे काय आलं आणि कुणाचं काय बिनसलं, हे सगळ्यांत आधी मला कळतं असा माझा समज होता. गावाचाही तोच समज होता, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

गावाबाहेर मिशनचा बंगला होता. तिथं ऑस्ट्रेलियाचं एक म्हातारं जोडपं दवाखाना चालवायचं. आम्ही त्यांना साहेब आणि मडमबाई म्हणायचो. साहेब मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे बोलायचेही छापल्यासारखं. मडमबाई शिकल्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडून. डोळे मिटून ऐकलं तर आपलीच कुणी काकू बोलतेय असं वाटायचं.

गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच, पण नाताळच्या दुपारी सगळं गाव बंगल्यावर लोटायचं. चहा, बिस्किटं आणि साहेबांची बाजाची पेटी. त्यातून तो त्यांचा इथला शेवटचा नाताळ होता. उन्हाळ्याआधी दोघं कायमचे मायदेशी जाणार होते. मडमबाईंनी दिवाळीतच घरोघरी सांगून ठेवलं होतं, "यंदा एक माणूस बी घरी ऱ्हायचं न्हाई बरं का."

त्याच सुमारास त्यांची थोरली बहीण तिकडं आजारी पडली. टपालाच्या वेळेला मडमबाई रोज शाळेच्या पायरीवर हजर. "मास्तर, आलं का काही?" रोज नाही म्हणायला मलाही जड जायचं. मग एक दिवस परदेशातून चांगलं वजनदार पार्सल आलं. मडमबाईंनी वरचं अक्षर पाहिलं, पार्सल छातीशी धरलं आणि बाहीनं डोळे पुसत निघून गेल्या. मी काही विचारलं नाही. अशा वेळी विचारू नये, एवढी रीत मला कळते.

पुढच्या आठवड्यात टपाल द्यायला बंगल्यावर गेलो, तर व्हरांड्याच्या वळचणीला एक पांढऱ्या फडक्याचं गाठोडं टांगलेलं. नारळाहून मोठं, तोंड सुतळीनं आवळून बांधलेलं.

आता तुम्हीच सांगा, घराबाहेर असं गाठोडं पाहून आपल्या माणसाच्या मनात काय येणार? आपण अस्थी घरात नेत नाही. फडक्यात बांधून बाहेर उंचावर टांगतो, नदीवर न्यायचा दिवस येईपर्यंत. पार्सल, डोळ्यांतलं पाणी आणि हे गाठोडं, माझ्या डोक्यात सगळं कसं बराबर जुळलं. बहीण गेली, आणि गोदावरीत सोडायला तिच्या अस्थी टपालानं आल्या. त्याही माझ्याच हातून! मी तिथंच वहाणा काढल्या आणि हात जोडले.

घरी येऊन आंघोळ केली. बायको म्हणाली, "अवो, ती लोकं माणसाला पुरतात ना?"

"मग पुरलेलं माणूस पार्सलनं पाठवतील का?" मी विचारलं.

ती गप्प झाली. बायको गप्प झाली की तिला पटलं, असं मी त्या काळी समजत असे.

तरी मी खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम बंगल्यावरून गेलो. साहेब गाठोड्याखाली उभे होते. टोपी काढून हातात धरलेली, मान वर, डोळे मिटलेले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मेव्हणीसाठी एवढा शोक करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. नाताळ जवळ आला तसा मडमबाईंनी गाठोड्याला बोगनवेलीचा तुरा बांधला. आता शंकेला जागा उरली का?

मी दगडूबाच्या कानावर घातलं. दगडूबा म्हणजे आमच्या शेजारचा म्हातारा, त्याचा शब्द गावात चालायचा.

"मंग नाताळाचं कसं करायचं, मास्तर?"

"दुखवट्याच्या घरी नवे कपडे घालून बिस्किटं खायला जायचं का?"

"पर ते काही बोलले न्हाईत."

"आपल्यापायी गावाचा सण बुडू नये म्हणून गिळून बसलेत बिचारे."

"हे बराबर हाय," दगडूबा म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत गावभर निरोप गेला. बंगल्यावर कुणी जायचं नाही. वाजंत्री सांगितली होती, तीही रद्द केली. फक्त मास्तर पिठलं-भाकरी घेऊन जातील, कारण त्या घरात चूल पेटली नसणार.

नाताळच्या दुपारी मी जुनं धोतर नेसून, पडलेला चेहरा करून, हातात डबा घेऊन बंगल्यावर पोचलो. पाहतो तर व्हरांड्यात रंगीत कागदाच्या पताका. बाकं मांडलेली. कपबशांची रांग. पेटी उघडी. आणि दोघं म्हातारी माणसं ठेवणीतले कपडे घालून, रस्त्याकडे तोंड करून बसलेली.

"एकलेच का आले, मास्तर?" मडमबाईंनी विचारलं. "गाव कुठं गेलं? चहाचं आधण दोनदा आटलं."

साहेब उठून उभे राहिले. "मास्तरजी, आमच्याकडून ग्रामस्थांचा काही अपराध घडला आहे काय?"

मी डबा पुढं केला. "साहेब, गाव तुमच्या दुःखात सामील आहे. तुम्ही काळजी करू नका. शहागडला नदीवर न्यायला बैलगाडी सांगून ठेवलीय."

"कोणास न्यावयाचे आहे?"

मी वर बोट केलं. "मडमबाईंच्या ताईंना."

दोघांनी गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मडमबाई सावकाश म्हणाल्या, "माझी बहीण? ती बरी झाली, ठणठणीत हाय. तिनंच तर बेदाणे धाडले. तिच्या हातचं अक्षर पाह्यलं अन् रडू आलं मला."

मग कळलं. बेदाणे, कणीक, अंडी, गूळ असं सगळं कालवून फडक्यात बांधायचं, तासन्‌तास उकळायचं आणि नाताळपर्यंत मुरायला टांगून ठेवायचं, असं त्यांच्याकडचं ते पक्वान्न होतं. साहेब रोज टोपी काढून त्याचा वास घेत होते.

साहेबांना हसू आवरेना. मडमबाई मात्र हसल्या नाहीत.

"अन् गाव?" त्यांनी विचारलं.

"गावाला मीच येऊ नका म्हणून सांगितलं."

त्या रिकाम्या बाकांकडे पाहत राहिल्या. त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला खरोखर वाटलं.

"मंग जल्दी जा," त्या म्हणाल्या. "आणा समद्यांना."

धोतराचा सोगा हातात धरून मी गावातून धावलो. दारोदार ओरडत सुटलो की कुणी मेलं नाही, चला. लोक होते तसे निघाले. कुणी मळ्यातून, कुणी गोठ्यातून, कुणी पीठ लागलेल्या हातांनी. बाकं भरली, पेटी वाजली, वाजंत्रीवालेही आले. मडमबाईंचा चेहरा उजळला आणि माझ्या जिवात जीव आला.

मग त्यांनी गाठोडं खाली काढलं, फडकं सोडलं आणि सुरीनं तुकडे केले. काळपट, तुकतुकीत दिसत होतं. त्यांनी ताटली पुढं केली आणि गाव एक पाऊल मागं सरकलं. सरकणारच! इतके दिवस ज्याला लांबून हात जोडले, ते तोंडात कोण घालणार? मडमबाईंचा हात तसाच पुढं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर.

मी डोळे मिटून तुकडा तोंडात टाकला. अहो, काय चव होती! मी लगेच दुसरा उचलला. तेव्हा कुठं दगडूबा पुढं झाला. त्यानं एक तुकडा घेतला, बोळक्या तोंडानं बराच वेळ घोळवला आणि म्हणाला,

"मडमबाई, जायच्या आधी हे कसं बांधायचं ते आमच्या बायांना दाखवून जा. मास्तर गेले म्हंजे ह्यांनाबी असंच मुरत टांगू. जितेपणी न्हाई, तर तवा तरी गोड लागतील."