चिंचेला टांगलेलं गाडगं

दोन हजार सात सालचा जुलै... धानाची रोवणी अर्धी टाकून मी आणि सासूबाई चामोर्शीहून पहिल्या बसनं नागपूरला निघालो. माझ्या नवऱ्याचं जे उरलं होतं, ते आणायला.

यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता, हृदय पार कमजोर झालं होतं. नागपूरच्या एका दवाखान्यात तेव्हा नव्या उपचाराचा अभ्यास चालू होता... कमरेच्या हाडातला मगज काढायचा आणि त्यातल्या मूळ पेशी हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडायच्या. उरलेल्या पेशी संशोधनासाठी ठेवू का, असाही एक कागद होता. मी सातवी शिकलेली, पण हाती येईल ते वाचते. तो कागद मीच यांना वाचून दाखवला, मीच म्हटलं, करा सही.

सात महिन्यांनी हे गेले.

राख गाडग्यात भरून गोठ्यामागच्या चिंचेला टांगली. नदीत सोडेपर्यंत ती घरात आणत नाहीत. त्याच दिवसांत मी बोलून बसले, की त्या पेशी तिकडे अजून जिवंत असतील. सासूबाई अडून बसल्या.

"अर्धा माणूस नदीत सोडू काय? माहा पोरगा पुरा येऊ दे, मंग सोडीन."

वर्ष झालं, गाडगं तिथंच. रोज संध्याकाळी सासूबाई त्याच्याखाली उभ्या राहून शेतातली खबर सांगायच्या. मग थोडं थांबायच्या... उत्तराला वेळ द्यावा तशा. मी त्या वेळी गोठ्याकडे जाणं सोडलं होतं.

नागपूरला प्रयोगशाळेतल्या मुलीनं एका उबेच्या पेटीतून चपटी बाटली काढली. म्हणाली, "गोठवून ठेवल्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी यातल्या थोड्या जाग्या केल्या."

जाग्या... मी विचारलं, "धडधडतात का?"

"नाही मावशी. हळूहळू सरकतात, वाढतात. त्यांचं पोषणाचं पाणी बदलत राहतो, दाटी झाली की काढून दुसऱ्या बाटलीत लावतो."

तिनं बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सासूबाई त्याला डोळा लावून बराच वेळ उभ्या होत्या. मग मी बघितलं. बारीक, लांबट, सगळ्या एका अंगाला कललेल्या.

"धानाचे पऱ्हे हायेत," सासूबाई म्हणाल्या. "दाटले का उपटून दुसऱ्या बांधीत. रोवणीच तं करून राह्यली पोरगी."

तिनं बंद बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझा हात ओढून बाटलीवर ठेवला. गरम होती, अंगाएवढी. यांना मी शेवटचा हात लावला, तेव्हा पाय गार पडले होते.

"परत देता येईल," मुलगी म्हणाली. "पण बाहेर त्या जगणार नाहीत."

परत नेण्यासाठी सही करायचा कागद माझ्यापुढे होता. सासूबाईंनी तो मागे सरकवला. "जित्याले कोन नदीत सोडते? राहू दे. पानी बदलत जाय वं पोरी."

दुसऱ्या दिवशी गाडगं वैनगंगेत सोडलं. संध्याकाळी सासूबाई सवयीनं चिंचेखाली गेल्या. वर बघितलं, मग नागपूरच्या दिशेला तोंड करून खबर सांगितली... आणि थांबल्या.

त्या अभ्यासाचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. बाटली हातात देणाऱ्या त्या पोरीचं भलं होवो.

सासूबाईही आता नाहीत. रोवणी संपली की चिंचेखाली मी जाते. सांगून झालं की मीही थोडं थांबते.