चतुरांच्या पानावरचे गुलाब

गोंडपिपरीच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं वाटण्याच्या खिडकीत बसत असे. गावात मला गोळ्यावाल्या बाई म्हणत. नवरा नोकरीसाठी अहेरीकडे होता, सुट्टीला यायचा. त्याने हौसेने घेतलेला डिजिटल कॅमेरा माझ्याकडेच पडून असायचा. तो घेऊन मी दुपारी, दवाखाना रिकामा झाला की, मागच्या धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे, फिरायला जाऊ लागले आणि चतुरांचे फोटो काढू लागले. चतुर म्हणजे तो चार पंखांचा, काडीसारख्या अंगाचा किडा. पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि त्याच्या शेपटीला दोरा बांधतात. चतुरच का? तो एका काडीवरून उडाला तरी थोड्या वेळाने पुन्हा त्याच काडीवर येऊन बसतो, त्यामुळे माझ्यासारख्या नवख्या माणसालाही त्याचा फोटो मिळतो, एवढंच असेल.

फोटो साठायला लागले तेव्हा ते कुठेतरी ठेवावेत म्हणून मी ब्लॉग सुरू केला. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ब्लॉग फुकट मिळायचा, पण इंटरनेट सगळीकडे नव्हतं. बस स्टॅंडजवळच्या फोटो स्टुडिओत ते होतं, शिवाय इन्व्हर्टर होता. भारनियमनाच्या दिवसांत ही मोठी गोष्ट होती. स्टुडिओवाल्या भाऊंच्या घराण्यात फोटोचा धंदा वडिलांपासून चालत आलेला. पासपोर्ट फोटो ते दुकानात काढत, पण खरं काम लग्नाच्या अल्बमचं. मी कॅमेऱ्यातलं कार्ड नेऊन द्यायची, ते फोटो संगणकात घ्यायचे, मी तिथेच बसून चार ओळी लिहायची. कुठे दिसला, ऊन होतं की ढग, रंग कोणता, एवढंच. पान पांढरं, अक्षरं काळी.

काही महिन्यांनी भाऊ म्हणाले, "बाई, हे सारी दुनिया पाहू शकते म्हनता ना?"

"हो. पाहायचं ठरवलं तर."

"मंग इतकं साधं काऊन ठेवलं? आपल्याकडे डिझाइन पडून आहेत. मी करून देतो. पैसे नोका देऊ."

मी बरं म्हटलं. पुढच्या वेळी गेले तेव्हा पान बदललेलं होतं. गडद जांभळ्या मखमलीच्या रंगावर सोनेरी चौकटी होत्या. कोपऱ्यांत गुलाब होते आणि वरून पाकळ्या गळत होत्या. लाल चतुर बदामाच्या आकारात बसवला होता. नर आणि मादी असे दोन फोटो होते, ते नवरदेव-नवरीसारखे समोरासमोर लावून मधे धुकं सोडलं होतं. खाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी छान म्हटलं. मला ते अगदीच वाईट वाटलं नव्हतं, आणि माझं त्यात काही जातही नव्हतं. पान उघडायला मात्र इतका वेळ लागायचा, की तोवर भाऊ एखाद्या गिऱ्हाइकाचा फोटो काढून येत.

दोन पावसाळे ते पान तसंच राहिलं. वाचणारे फार नव्हतेच. नवरा अहेरीच्या कॅफेत बसून पाहायचा आणि फोनवर सांगायचा, पाकळ्यांपर्यंत आलं होतं, मग लाइन तुटली. मग कुठल्याशा दूरच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी ब्लॉगवर लिहिलं. ते चतुरांचाच अभ्यास करत होते. तुमच्या भागातले फोटो फारसे मिळत नाहीत, तुमचे चांगले आहेत, पण चौकटीत बसवताना पंखांची टोकं कापली गेली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पंखाच्या टोकाजवळ एक बारीक ठिपका असतो. तो किती लांब, कोणत्या रंगाचा, यावरून बऱ्याचदा जात ठरते. तो दिसला नाही तर आपल्याला नाव सांगता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

मी पान पुन्हा नीट पाहिलं. खरंच, एकाही चतुराचा पंख पूर्ण नव्हता. कडा मऊ करून त्या जांभळ्या रंगात विरघळवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी भाऊंना म्हटलं, पान बदलावं लागेल. कारणही सांगितलं. ते जरा वेळ माउस इकडेतिकडे फिरवत राहिले.

"काढून टाकाचं सारं?"

"चौकटी तरी काढाव्या लागतील."

"नुस्ता फोटो ठेवला तं लोक म्हनतीन, गरिबाच्या घरचं लग्न होय." मग थांबून म्हणाले, "असं करा, तुमी तुमच्या भाभीलेच सांगा. तिनंच केलं हाये ते. मी तं फक्त फोटो काढतो. अल्बम सारे घरातूनच बनून येतात."

स्टुडिओच्या मागेच त्यांचं घर होतं. इतक्या दिवसांत मी पडद्यापलीकडे कधी गेले नव्हते. आतल्या खोलीत खिडकीशी दुसरा संगणक होता. भाभी माझ्याच वयाच्या, थोड्या लहान असतील. त्यावर कुणाच्या तरी हळदीचे फोटो उघडे होते. तालुक्यातली निम्मी लग्नं या खोलीतून गेली होती आणि मला वाटत होतं ती भाऊंची कला.

भाभींनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "पाकळ्या गळवाले मले लय मेहनत लागली होती. अल्बममधे पाकळ्या हलत नाई. इथी पयल्यांदा हलल्या."

"पाकळ्या सुंदरच आहेत," मी म्हटलं. "पण त्या ठिपक्याशिवाय किड्याचं नाव नाही कळत."

"कोनता ठिपका?"

मी मूळ फोटो मोठा करून दाखवला. त्यांनी तो आणखी मोठा केला, मग आणखी. सगळ्या पडद्यावर एकच पंख पसरला. जाळीतले बारीक चौकोन दिसायला लागले आणि टोकाशी तपकिरी ठिपका.

"हा तं मी धूळ समजून पुसत होती," भाभी म्हणाल्या. "नवरीच्या गालावरचे डाग पुसतो ना, तसाच." काही फोटोंत कडा कापूनही ठिपका उरला असता. तिथे तो त्यांनी मुद्दाम, फार काळजीने, पुसला होता.

त्या दिवशी काम झालं नाही. निघताना भाभींनी विचारलं, हे किडे असतात कुठी. मी म्हटलं, दवाखान्यामागच्या बोडीवर. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं. दोन-तीन दिवसांनी दुपारी भाऊ त्यांना दवाखान्यात गाडीवरून सोडून गेले.

आम्ही बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसलो. धान पोटरीवर आलं होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, उन्हाला धार होती. भाभींनी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून घेतली. मी बोट दाखवायची आणि त्या शोधायच्या. लाल चतुर लगेच सापडला. पिवळ्या पंखांवर तपकिरी नक्षी असलेला एक हळू उडत होता, तो त्यांना आधी फुलपाखरूच वाटला. मग गवताच्या एकाच काडीवर एक निळसर चतुर बसला. उडाला, फिरून आला आणि पुन्हा तिथेच बसला.

"याले तीच काडी काऊन लागते?"

"ती त्याची जागा. दुसरा आला तर हाकलतो."

त्या बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "याच्या मागं काईच नाई. पानी हाये, तेही दूर. म्हनून तो दिसते." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मी मागं मखमल लावली होती. लाल-लाल, जांभळं-जांभळं. याचा रंग मंग कुठी दिसन?"

हे त्या मला सांगत नव्हत्याच.

त्यानंतर त्यांनी मला दुपारी बोलवायला सुरुवात केली. वरण-भाताची वेळ टळली की मी जायची. आधी पाकळ्या गेल्या, मग चौकटी. नर-मादीच्या मधलं धुकं काढताना त्या जरा थांबल्या. मागचा रंग कोणता ठेवायचा यावर मात्र आमचं जमेना. मला माझा जुना पांढरा हवा होता. त्या म्हणाल्या पांढरा डोळ्यांत घुसतो, पंख काचेसारखे आहेत, ते पांढऱ्यात हरवतात. त्यांनी पांढऱ्यावर ठेवून दाखवलं आणि खरंच पंखांची कड दिसेना. मग पाळीवरची सुकलेली माती असते तसा, राखाडीकडे झुकणारा फिकट रंग त्यांनी लावला. मी त्यांच्या रंगाला कबूल झाले आणि त्या माझ्या मागणीला, की फोटो पूर्ण राहील, कुठेही कापायचा नाही.

अक्षरांचं काम निघालं तेव्हा त्यांनी माझा मजकूर पहिल्यांदा वाचला. आजवर त्यांच्यासाठी ती फक्त अक्षरं होती, सावली देऊन चौकटीत बसवायची. त्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या. ओठ हलवत सावकाश वाचत होत्या.

"तुमी आधीच सांगून टाकता," त्या म्हणाल्या. "लाल रंगाचा, शेपटीवर काळी रेघ. मंग खाली फोटो. वाचल्यावर फोटो पाहाची गरजच पडत नाई."

"मग?"

"फोटो वर ठेवा. मान्साले आधी पाहू द्या. पाहून झालं की मंग वाचन तो."

हे इतकं सरळ होतं, की मला आधी सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. सगळ्या नोंदी आम्ही उलट्या केल्या. काही नोंदी फोटोखाली गेल्यावर फालतू वाटायला लागल्या, त्या मी छाटल्या. ज्यांत ढग होते, वारा होता, जवळच्या शेतात चाललेलं निंदण होतं, त्या राहिल्या.

पान तयार झालं. आता ते भराभर उघडायचं. भाऊंनी खुर्ची ओढून पाहिलं, वरून खालपर्यंत सरकवलं, पुन्हा वर नेलं.

"झालं?"

"झालं," भाभी म्हणाल्या.

"यात तू केलं काय?"

भाभी म्हणाल्या, "लय काई केलं. दिसत नाई इतकंच."

खाली स्टुडिओचं नाव अजून होतं, सोनेरीऐवजी साध्या अक्षरांत. मी ते मुद्दाम ठेवायला सांगितलं होतं. भाऊ घसा खाकरून म्हणाले, "बाई, राग नोका मानू. ते नाव काढून टाका."

"का?"

"लग्नसराई येऊन राह्यली. कोनी हे पाहिलं, आन् खाली आमचं नाव, तं म्हनतीन याले डिझाइनच येत नाई."

ते थट्टा करत नव्हते. भाभीही नवऱ्याच्या बाजूने होत्या. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, गिऱ्हाइकाला गुलाब लागतात. त्यांनी स्वतःच नाव पुसलं.

प्राध्यापकांनी पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याच फोटोंखाली नावं लिहिली. पान बदललं हे त्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, त्याबद्दल एक शब्द नव्हता. भाभींना मी ते सगळं वाचून दाखवलं. शास्त्रीय नावं त्यांनी पुन्हा म्हणायला लावली आणि नंतर तशीच्या तशी म्हटली. रंगाबद्दल काही म्हणाले का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि हळदीच्या फोटोंकडे वळल्या.

मग माझी बदली कुरखेड्याला झाली. तिथे धान होतं, बोड्या होत्या, चतुरही होते, पण इंटरनेट माझ्या आवाक्यात नव्हतं. मी फोटो सीडीवर भरायची, सोबत नोंदी लिहून कागद ठेवायची आणि कुणी चंद्रपूरकडे निघालं की त्याच्याजवळ द्यायची. तिथून ते गोंडपिपरीच्या बसने पोहोचायचं. कधी लवकर, कधी महिना लागायचा. पुढचं सगळं भाभी करायच्या. कोणता फोटो घ्यायचा, कोणता टाकून द्यायचा, हेही हळूहळू त्याच ठरवू लागल्या. मी पाठवलेल्यांतले निम्मे त्या घेत नसत. हलला आहे म्हणायच्या, किंवा मागं गर्दी आहे.

कामानिमित्त गडचिरोलीला गेले होते तेव्हा एका कॅफेत बसून मी बऱ्याच दिवसांनी पान उघडलं. सगळ्यात वर एका टाचणीचा फोटो होता. टाचणी म्हणजे चतुराची बारीक बहीण, बसताना पंख मिटून घेते. कडूनिंबाच्या काडीवर बसलेली, मागे काहीच नाही, फक्त भिंतीचा धुरकट निळा. असा फोटो मी काढला नव्हता. माझ्या घराची भिंत निळी नव्हती. खाली दोनच ओळी होत्या: सकाळी नळ आल्यावर अंगणात दिसली, पाणी सांडलं होतं तिथे.

मी स्टुडिओत फोन लावला. भाऊंनी उचलला आणि आत दिला.

"वरचा फोटो कोणाचा?"

"मीच काढला," भाभी म्हणाल्या. "यांचा दुकानातला कॅमेरा घेतला. विचारलं नाई तुमाले. काढून टाकू?"

"नको. राहू द्या. पण ठिपका दिसत नाही नीट."

"तिनं पंख मिटले होते."

"मग एका बाजूने जाऊन घ्यायचा."

"गेली होती. उडून गेली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "उद्या नळाच्या वेळेवर पुन्हा पाहतो. आता ठेवतो फोन, गिऱ्हाईक आलं."