डोंगर कुठाय, सर?

स्वारगेटहून पानशेतच्या पुढे जाणारी सकाळची एसटी सुटली, तेव्हा मी सोमवारपर्यंतचे तास मोजत होते. डोंगर बघायला निघालेल्या माणसाने तास कशाला मोजावेत? सांगते.

बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या वर आमचं ऑफिस. तिथे आम्ही शाळांसाठी सीड्या बनवतो. सह्याद्रीची निर्मिती आणि तिथले प्राणी, ही माझी पहिलीच सीडी. चार महिने खपून मी कॉम्प्युटरवर डोंगर उभा केला. जमीन दोन्ही बाजूंनी चेपली जाते, धडाधड सुळके वर येतात आणि सर्वांत उंच सुळक्यावर शेकरू (झाडावर राहणारी मोठी तांबूस खार) येऊन बसतं. सगळं ऑफिस वा वा म्हणालं. सोमवारी साहेब ती बघणार आणि मला नोकरीत कायम करणार होते. अट एकच, तज्ज्ञाची सही हवी.

तज्ज्ञ म्हणजे कांबळे सर. भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि पक्के पुणेकर. त्यांनी सीडी शेवटपर्यंत बघितली.

"छान. हा हिमालय झाला. सह्याद्री कधी दाखवताय?"

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "रविवारी चला," म्हणाले, "डोळ्यांनीच बघा."

खडकवासल्याचं धरण मागे पडलं. मी खिडकीतून मान काढून डोंगर शोधत होते. आपण अकोल्याची माणसं; सपाटीवर वाढलेली. आजूबाजूला टेकड्या होत्या, पण माथे सगळ्यांचे सपाट आणि अंगावर पायऱ्या पाडल्यासारखे थर. रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीत काळ्या दगडामध्ये लाल पट्टा दिसला.

"लाव्हा एका दमात आला नाही," सर म्हणाले. "भेगांतून आला, पसरला, थिजला. मग इतका काळ गेला की वर माती तयार झाली. पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. तो लाल पट्टा."

"आणि हे सगळं वर कधी आलं?"

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये. अहो, तुमच्या अकोल्याची काळी मातीही याच दगडाची."

"पण अकोल्यात डोंगर कुठाय, सर?"

"तेच तर म्हणतोय मी."

मला ओ की ठो कळलं नाही.

एसटीने घाटमाथ्यावरच्या एका वाडीत उतरवलं. सरांच्या ओळखीच्या ठकूबाईंनी नाचणीची भाकरी आणि ठेचा वाढला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी दुसरी भाकरी मागून घेतली. मग त्याच आम्हाला देवराईतून (देवासाठी राखलेल्या रानातून) घेऊन निघाल्या. मी ऑफिसच्या सँडल घालून आलेली, दर चार पावलांना ठेचकाळत होते. तेवढ्यात डोक्यावर फांदी हलली. शेकरू! झुपकेदार शेपूट सांभाळत ते या झाडावरून त्या झाडावर गेलं.

"हे खाली येतं का हो, मावशी?"

"कशाला यील? खाली कुत्री हायेत."

सर नुसते माझ्याकडे बघून हसले.

रान संपलं, सपाट माळ लागला. आता डोंगर येईलच म्हणून मी मान वर करून झपाझप पुढे निघाले. एकदम मागून ओढणी खेचली गेली.

"आगं थांब की! पुढं काय न्हाय!"

अवं माय! दोन पावलांवर जमीन संपली होती. खाली, खूप खाली कोकण होतं, दोऱ्याएवढी नदी, काडेपेटीएवढी घरं. मी मटकन बसले आणि रडूच फुटलं.

"मावशी, डोंगर कुठाय?"

"आता गं बाई! डोंगरावरच बसलीयास की."

सर धापा टाकत आले. "पलीकडची जमीन तुटून खचली. पाणी कडा कातरत मागे आलं, अजून कातरतंय. उरलं, त्याला आपण सह्याद्री म्हणतो."

"म्हणजे हा वर आलाच नाही? बाजूचं गेलं?"

"उशिरा का होईना, कळलं."

मला सरांचा रागच आला. माझे चार महिने गेले होते. "सर, सही करून टाका ना. पोरांना काय कळतंय?"

"तुम्हालाही कळलं नव्हतं," सर हळूच म्हणाले. "म्हणून तर आत्ता कड्यावरून खाली चालला होतात."

परतीच्या एसटीत मी खिडकीतून दरडीतले लाल पट्टे मोजत बसले.

सोमवारी लवकर जाऊन मी माझे सुळके पुसून टाकले. दुपारपर्यंत नवं कच्चं चित्र जमवलं. काळे थर साचतात, मधे लाल पट्टे, मग पश्चिमेची बाजू हळूहळू निघून जाते आणि शेकरू देवराईतल्या फांदीवर बसतं. साहेबांनी बघितलं आणि वाट बघत बसले.

"आणि डोंगर कधी येणार?"

"येत नाही, साहेब. बाकीचं जातं."

कायम करायचं पत्र तीन महिने पुढे गेलं. मी शहाणपणा केला की कपाळमोक्ष करून घेतला, हे मला अजूनही उमगत नाही. पण नव्या चित्राच्या कागदावर सरांची सही आहे आणि खाली बारीक अक्षरात एक शेरा: 'शेकरू झाडावर परत पोचवल्याबद्दल आभार.'